पुढे झुकलेले श्रोते

कला माणसाला जागं करते. विद्यापीठाच्या कलाकेंद्रात गेली बावीस वर्षं हे वाक्य दर कार्यक्रमाच्या आरंभी उच्चारलं जात होतं. आधी त्यावर टाळ्या पडत, मग नुसत्या माना हलत आणि अलीकडे हे वाक्य आलं की लोक मोबाईल बंद करत, म्हणजे ते अगदीच वाया जात होतं असं नाही. उच्चारणारा केंद्राचा कार्यक्रम अधिकारी होता. ‘मी फक्त दोन शब्द बोलणार आहे’ असं बजावून तो वीस मिनिटं बोले, म्हणून पाठीमागे सगळे त्याला दोनशब्दे म्हणत. नव्याने आलेल्या काही जणांना तर ते त्याचं आडनावच वाटे आणि एकदा त्या नावाने त्याच्या टेबलावर पत्रिकाही येऊन पडली होती. तर हा दोनशब्दे मंगळवारी सकाळी मोठ्या दालनात शिरला, दुसऱ्या दिवशीच्या उद्घाटनाची तयारी कुठवर आलीय ते बघायला, आणि दारातच थबकला. समोरच्या भिंतीवर, जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत, एक कृष्णधवल छायाचित्र टांगलं होतं आणि त्यात तो स्वतः, तोंड उघडं टाकून, गाढ झोपलेला होता.

पहिल्यांदा त्याला ते आपण आहोत हे कळलंच नाही. कळलं ते एवढंच की कुणीतरी झोपलंय, आणि व्यवस्थापकाच्या सवयीने मनात आलं की याला उठवायला हवं. मग मिशी ओळखीची वाटली. तशी मिशी आपल्यालाही होती, असं त्याला वाटलं. आणि तसा कोटही होता. आणि मग त्याचा हात वरच्या ओठावर गेला, जिथे आता मिशी नव्हती. छायाचित्र सभागृहातलं होतं. सगळे श्रोते पुढे झुकले होते. कुणी कानामागे हात धरला होता, कुणी पुढच्याच्या खुर्चीवर हनुवटी टेकली होती, एक म्हातारा डोळे इतके घट्ट मिटून घेऊन ऐकत होता की त्याला ऐकणं दुखत असावं असं वाटे. सबंध सभागृह वाऱ्याने एका बाजूला लवलेल्या गवतासारखं दिसत होतं, आणि त्या गवताच्या मधोमध एकच इसम पुढे न झुकता बाजूला कलंडला होता. त्याचं डोकं शेजारच्या खांद्यावर होतं. तो खांदा ज्या माणसाचा होता ते माणूस चौकटीच्या बाहेर राहिलं होतं. दिसत होती फक्त जाड विणीची एक शाल. तोंड दंतवैद्यापुढे उघडावं तसं. एवढं मोठं करून टांगल्यामुळे आतली एक चांदी भरलेली दाढही स्पष्ट दिसत होती.

नवी संयोजिका मागून येऊन उभी राहिली. ती आठ महिन्यांपूर्वी रुजू झाली होती, कलेबद्दल बोलताना हाताने हवेत गाठी बांधायची आणि सोडायची, आणि तिने केंद्राच्या जुन्या कार्यक्रमांच्या छायाचित्रांचं हे प्रदर्शन एकहाती उभं केलं होतं. ती त्याला सांगू लागली की भांडारातल्या एका खोक्यात तळाशी हे सापडलं आणि तिच्या अंगावर काटा आला. बाकीचे सगळे कलेकडे चाललेत, सर, पण हा एकटाच पोचलाय. बाकीच्यांना अजून काहीतरी हवंय; याला काहीच नकोय. ही शरणागती आहे. तिला विचारावंसं वाटत होतं की हा कोण असेल, आता कुठे असेल, जिवंत तरी असेल का. दोनशब्देने टक्कल पडलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि सांगता येत नाही म्हणाला. मग ती मुद्द्यावर आली. बाकी सगळ्या छायाचित्रांखालच्या ओळी त्यानेच लिहून दिल्या होत्या. याच्याखालीही त्याचीच एक ओळ हवी होती, संध्याकाळपर्यंत. आणि उद्या तो बोलणार तेही याच भिंतीपुढे, म्हणजे मागे हा माणूस आणि पुढे तुम्ही. केवढं बोलकं दिसेल ते. दोनशब्दे म्हणाला, बघतो.

शिडीवर दिवेवाला होता. तो केंद्रात त्याच्याही आधीपासून होता आणि कुठल्याही कार्यक्रमाबद्दल त्याचं मत ‘उजेड बरा पडला’ किंवा ‘उजेड बरा पडला नाही’ यापुढे कधी गेलं नव्हतं. संयोजिका गेल्यावर त्याने वरून छायाचित्राकडे पाहिलं, खाली दोनशब्देकडे पाहिलं, पुन्हा छायाचित्राकडे पाहिलं.

“कान तेच आहेत,” तो म्हणाला.

दोनशब्देने दाराकडे पाहिलं.

“मी कुणाला सांगत नाही, साहेब. पण दिवा कुठे मारू? तुमच्यावर का बाकीच्यांवर?”

बाकीच्यांवर मार, असं सांगून तो आपल्या खोलीत येऊन बसला. एखाद्या सभेत एखाद्याला डुलकी लागणं ही काही जगबुडी नव्हे, हे त्यालाही कळत होतं. मावळते संचालक तर अध्यक्षस्थानी बसल्या बसल्या झोपत आणि नेमके आभारप्रदर्शनाला जागे होत, आणि त्याबद्दल त्यांचा आदरच केला जाई. पण हे छायाचित्र कुठल्याशा परिसंवादातलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ते होतं त्या संध्याकाळचं. आणि ती संध्याकाळ हे दोनशब्देचं एकुलतं एक भांडवल होतं.

चौदा वर्षांपूर्वी एक वृद्ध गायिका केंद्रात गाऊन गेल्या होत्या. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर ध्वनिक्षेपक बंद पडला. दुसरं कुणी असतं तर आवाज चढवला असता, निदान व्यवस्थापकांकडे तरी जळजळीत पाहिलं असतं. बाई उठल्या, मंचाच्या कडेपर्यंत चालत आल्या आणि त्यांनी आवाज उतरवला. आणखी उतरवला. भरलेलं सभागृह हळूहळू पुढे झुकलं. खुर्च्या करकरायच्या थांबल्या, खोकणाऱ्यांनी खोकले गिळले आणि शेवटी त्या गाताहेत की नुसत्या श्वास घेताहेत हे कळेनासं झालं. ही गोष्ट दोनशब्दे सांगे. नुसती सांगत नसे, तिच्यावर जगे. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगे, परगावच्या पाहुण्यांना स्टेशनावरून आणताना सांगे, लग्नाच्या पंगतीत सांगे. आणि शेवटी थोडं थांबून म्हणे, ‘तो आवाज माझ्या गालाला लोकरीसारखा लागला. मऊ नाही. थोडा खरखरीत.’ हे वाक्य गाजलं होतं. एका समीक्षकाने ते न विचारता आपल्या लेखात वापरलं होतं, वसतिगृहाच्या भिंतीवर कुणी ते कोळशाने लिहिलं होतं, आणि कुलगुरू, जे मूळचे रसायनशास्त्राचे होते आणि ज्यांना गाणं म्हणजे हवेतली कंपनं एवढंच ठाऊक होतं, त्यांनी एका जेवणात ते ऐकून चष्मा काढून पुसला होता. संचालकपद रिकामं व्हायची वेळ आली तेव्हा कुलगुरूच म्हणाले होते की बाहेरून एक विद्वान अर्ज करताहेत, तीन पदव्या आहेत, पण मला पदव्या नकोत, मला रसिक हवा. उद्घाटनाला निवड समितीतले दोघे येतील, तुमची ती लोकरीची गोष्ट त्यांना ऐकू द्या. एवढं स्पष्ट विद्यापीठात सहसा कुणी बोलत नाही. दोनशब्देने घरी येऊन बायकोला सांगितलं होतं की आता फक्त तोंड उघडायचा अवकाश आहे. आणि तोंड तर उघडलेलंच होतं, चांगलं तीन फूट रुंद.

पण त्याला जी धडकी भरली होती ती खुर्चीची नव्हती, किंवा तिचीच होती पण तिच्याखाली आणखी एक होती. खोलीचं दार लोटून त्याने ती संध्याकाळ आठवून पाहिली. बाई उठल्या: दिसल्या. कडेपर्यंत आल्या: दिसल्या. पण चेहरा? चेहरा आला नाही. आला तो जाहिरातीवर छापलेला चेहरा. गाणं कुठलं? पहिले शब्द? त्याला फक्त स्वतःच ही गोष्ट सांगतानाचा आवाज ऐकू आला, चांगला घोटलेला, नेमक्या जागी थांबणारा. तो उठला आणि मोकळ्या सभागृहात गेला. दुसऱ्या दिवसासाठी सफाई चालली होती, खुर्च्यांवर फडकी पडली होती. छायाचित्रातल्या रांगा मोजत तो आपल्या त्या जागेवर जाऊन बसला, कारण म्हणण्यापुरतं त्याला खुर्चीचा हात डगमगतो का ते बघायचं होतं. डगमगत होता. आणि समोर खांब होता. सभागृह बांधणाऱ्याने मध्येच उभा करून ठेवलेला एक जाडजूड खांब, ज्याच्यामागच्या जागा कुणाला विकता येत नाहीत म्हणून कर्मचाऱ्यांना देतात. या खुर्चीवरून मंचाची कड दिसत नव्हती. मान कितीही लांब केली तरी नाही. कड दिसत होती ती डावीकडच्या शेजारच्या खुर्चीवरून. तिथे तो सरकून बसला आणि सगळं जसंच्या तसं समोर उभं राहिलं, थोडं तिरकं, उजवीकडून येणाऱ्या बाई, कडेशी थांबलेल्या. आपल्या आठवणीतलं दृश्य दुसऱ्याच्या खुर्चीतून पाहिलेलं आहे, हे कळल्यावर माणसाने काय करायचं असतं याबद्दल कलाकेंद्राच्या कुठल्याही परिसंवादात काही सांगितलं गेलं नव्हतं, निदान तो जागा असताना तरी.

त्या खुर्चीत बसून मग त्याने बावीस वर्षं चाळली. एका शिल्पकाराने रिकामे चौथरे मांडले होते. लोक ते आदराने बघत असताना हा मनात विचार करत होता की हे परत ट्रकमध्ये बसतील का. एका नाटकात कुणीच काही बोलत नव्हतं. प्रेक्षकांना नाटक संपल्याचं कळेना आणि याला दारवान घरी गेल्याचं कळलं होतं. परदेशी चित्रपटाचे भाग उलटसुलट दाखवले गेले, त्यावर चर्चेत एक प्राध्यापक रचनेबद्दल इतकं सुंदर बोलले की याने चूक कबूल करण्यात अर्थ नाही असं ठरवलं. प्रत्येक मैफलीत त्याचा एक कान ध्वनिक्षेपकाच्या घरघरीकडे आणि दुसरा दरवाज्याकडे असे. पाणी ठेवलंय का, गुच्छ आलाय का, गाडीवाला जेवलाय का. आपण आयुष्यात एकदा, एकदाच, सगळं विसरून ऐकलं आहे, या एका गोष्टीवर त्याने ती बाकीची सगळी न ऐकलेली गाणी तोलून धरली होती. तराजूच्या त्या पारड्यात आता एक झोपलेला माणूस होता. त्याने डोळे मिटले आणि प्रामाणिकपणे, शरीराला विचारावं तसं विचारलं: काय आठवतं? उत्तर आलं: डाव्या गालाला लोकर. मऊ नाही. थोडी खरखरीत.

जेवणाच्या सुट्टीत तो बायकोकडे गेला. ती चष्म्याच्या एका दुकानात डोळे तपासायची, आणि दिवसभर लोकांना ‘हे बरं का हे बरं’ विचारून विचारून तिचं घरचं बोलणंही तसंच झालं होतं. भाजी निवडतानासुद्धा ती दोनच पर्याय देई. दुकानात गर्दी नव्हती, पण मालक गल्ल्यावर बसून पेपराआडून बघत होता. त्याला नातेवाइकांच्या गप्पा चालत नसत, गिऱ्हाईक चालत असे. म्हणून बायकोने नवऱ्याला सरळ आतल्या अंधाऱ्या खोलीत तपासणीच्या खुर्चीत बसवलं आणि नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवली. बसल्या बसल्या त्याने सगळं सांगितलं: छायाचित्र, संयोजिका, शरणागती, खांब.

“त्यात तुझा खांदा आहे,” तो म्हणाला.

“हलू नका. शाल आहे का अंगावर?”

“आहे.”

“मग माझाच. खालून तिसरी ओळ वाचा.”

त्याने वाचली. दोन अक्षरं चुकली. तिने भिंग बदललं.

“मी झोपलो होतो का गं?”

“हे स्पष्ट का हे?”

“दुसरं. झोपलो होतो का?”

“बाईंनी दुसरं गाणं धरलं तेव्हाच गेलात,” ती म्हणाली. “थेट टाळ्यांना उठलात. आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्यात, ते मात्र मानलं पाहिजे.”

त्याने अंधारात, एका डोळ्याने, प्रकाशलेल्या अक्षरांकडे पाहिलं. मग हे सगळं मला कसं माहीत, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, कसं म्हणजे काय, मी सांगितलं. त्या दिवशी बस येईना, म्हणून थोडं थांब्यावर सांगितलं आणि बाकीचं बसमध्ये. दोन दिवस खुर्च्या वाहून तुमचा जीव अर्धा झाला होता, उद्या ऑफिसात कुणी विचारलं तर पंचाईत नको म्हणून सांगितलं. तुम्ही हूं हूं करत होतात. पुढच्या आठवड्यात शेजाऱ्यांना सांगायला लागलात तेव्हा मला आधी वाटलं की माझी चेष्टा चाललीय. मग वाटलं, नंतर एकांतात माझ्याकडे बघून हसाल. हसला नाहीत. मग चारचौघांत तोंडावर पाडायचं जिवावर आलं, आणि झाकली मूठ राहिली ती राहिलीच. नंतर तर तुम्ही इतकं छान सांगायला लागलात की मध्ये बोलायचं कारणच उरलं नाही.

“आणि लोकर?” त्याने विचारलं. त्याचा आवाज जरा बारीक झाला होता.

“लोकर खरी. गालावर वळ उठला होता शालीचा. घरी गेल्यावर तेल लावलं मी.”

मालक बाहेर खाकरला. तिने आणखी एक भिंग खुपसलं. दोनशब्दे म्हणाला की उद्या मग तूच उभी राहा आणि तूच सांग, गोष्ट तुझी आहे. ती थांबली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिने दोनपैकी एक निवडायला सांगितलं नाही.

“मला काय विचारता? आता मलाही तुमचंच आठवतं,” ती म्हणाली. “बाई कडेपर्यंत आल्या होत्या का जागच्या जागीच उभ्या राहिल्या होत्या, देव जाणे. मी बहुतेक नुसतं ‘उभ्या राहिल्या’ म्हटलं होतं. तुम्ही त्यांना कडेपर्यंत आणलंत. मला आता त्या तिथेच दिसतात.”

मग तिने चौकट काढली, नाकावरचे वण अंगठ्याने पुसले आणि बाहेर मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की नंबर वाढलाय, दोन्ही डोळ्यांचा.

केंद्रात परत येताना तो बस सोडून चालत आला. रस्त्यावर माणसं आपापल्या कामाला चालली होती आणि त्याला प्रत्येकाबद्दल वाटत होतं की याच्याही डोक्यात दुसऱ्या कुणीतरी बसमध्ये सांगितलेलं काहीतरी असेल. आपण लहानपणी विहिरीत पडलो होतो: ते आपल्याला आठवतं की आई सांगायची? लग्नाआधी आपण हिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ही जिन्यात हसली होती: ते तिने सांगितलं की आपण पाहिलं? निदान जिना तरी होता का? त्याला एकाएकी हलकं हलकं वाटू लागलं, बऱ्याच दिवसांचं सामान कुणीतरी उचलून नेल्यासारखं, आणि पाठोपाठ भीती वाटली की ते सामान आपलं होतं. उद्या काय करायचं हा प्रश्न तसाच होता. गोष्ट सांगितली तर मागच्या भिंतीवर पुरावा, आणि कान ओळखणारा एक माणूस आज निघालाच होता, उद्या चार निघतील. न सांगितली तर कुलगुरू विचारतील. आजारी पडावं, तर विद्वान तीन पदव्या घेऊन येतील आणि समितीला आपल्या पदव्या ऐकवतील. संध्याकाळी संयोजिका ओळ मागायला आली. त्याने ‘नादात विरघळलेला’ लिहून खोडलं, ‘एक श्रोता’ लिहून तेही खोडलं, कारण त्या चित्रात श्रोता नसलेला तेवढा एकच होता. शेवटी तो म्हणाला की काही चित्रांना ओळ नकोच असते. संयोजिकेच्या डोळ्यांत पाणी तरळलं. हे तिला फार पटलं.

बुधवारी संध्याकाळी दालन भरलं. दिवेवाल्याने सांगितल्याप्रमाणे बाकीच्यांवर दिवा मारला होता, पण त्यामुळे झालं असं की सगळ्या उजळलेल्या चेहऱ्यांत मधला काळोखा खड्डाच काय तो नजरेत भरत होता, आणि त्या खड्ड्यात ती चांदी चमकत होती. कुलगुरू पहिल्या रांगेत होते, समितीतले दोघे त्यांच्या दोन बाजूंना, आणि बायको तिसऱ्या रांगेत, दुकानातून थेट आलेली, गळ्यात मोजपट्टी तशीच. दोनशब्दे उभा राहिला. मी फक्त दोन शब्द बोलणार आहे, म्हणाला. कला माणसाला जागं करते, म्हणाला. मागून कुणीतरी हसल्यासारखं वाटलं. वळून पाहायचा धीर झाला नाही. कुलगुरूंनी त्याला खूण केली: ती गोष्ट. त्याने सुरुवात केली. ठरवून नाही केली. तोंडाला सवय होती, ते सुरू झालं. वृद्ध गायिका आल्या, पहिलं गाणं झालं, दुसऱ्याच्या मध्यावर ध्वनिक्षेपक बंद पडला. इथे तो नेहमी आवाज उतरवत असे, तसा उतरवला. बाई उठल्या. कडेपर्यंत आल्या. आणि समोरचं दालन, रांगेमागून रांग, खुर्च्या करकरत, पुढे झुकलं. कुलगुरूंनी कानामागे हात धरला. तिसऱ्या रांगेत बायकोही झुकली होती. हनुवटी पुढच्या खुर्चीवर टेकून, डोळे मोठे करून ती ऐकत होती, पुढे काय होतं ते माहीत नसल्यासारखी. तिचीच गोष्ट, चौदा वर्षं वापरून परत आणलेली, आणि ती नवी म्हणून ऐकत होती. दोनशब्देला त्या क्षणी दोन्हीकडे तेच चित्र दिसलं, मागे भिंतीवर आणि पुढे खुर्च्यांत, आणि दोन्हींच्या मध्ये उभा असलेला एकटाच माणूस कुठे झुकला नव्हता. तो थांबला.

थांबणं लांबलं. लोकांना तो गोष्टीचाच भाग वाटला, आणि समितीतल्या एकाने पसंतीची मान हलवली.

“यापुढचं मला माहीत नाही,” दोनशब्दे म्हणाला. “मी झोपलो होतो. मागचा तो मीच. खांदा हिचा आहे. मी सांगतो ते सगळं हिने पाहिलेलं आहे.”

दालनातल्या सगळ्या माना आधी वर भिंतीकडे गेल्या, मग त्याच्याकडे, मग त्याच्या कानांकडे आणि मग तिसऱ्या रांगेकडे. कुलगुरूंनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसताच हातात धरला. शेवटी त्यांनीच मागे वळून, फार सभ्यपणे, तिला विचारलं की मग आपणच सांगता का, पुढे काय झालं. बायको उठली. मोजपट्टी गळ्यातून काढून तिने मुठीत गुंडाळली.

“गाणं छान झालं,” ती म्हणाली. “यांचं डोकं होतं ना खांद्यावर, त्यामुळे मला हलता येत नव्हतं. घड्याळ त्याच हातात होतं. म्हणून ऐकलं सगळं. नाहीतर मीही इकडेतिकडे बघत बसले असते.” मग बसता बसता, राहून गेल्यासारखं, तिने जोडलं, “घोरत नव्हते हं ते.”

आधी दिवेवाला हसला, शिडीवरून, आणि मग दालन हसलं. हसणं बराच वेळ चाललं. संयोजिका रडत होती. नंतर तिने सांगितलं की केंद्राच्या इतिहासातला हा सर्वांत खरा प्रयोग होता आणि तो प्रदर्शन संपेपर्यंत रोज संध्याकाळी करता येईल का. तो नाही म्हणाला. चहाच्या वेळी लोक छायाचित्रापुढे उभे राहून शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून फोटो काढून घेऊ लागले. रांग लागली. समितीतले दोघेही त्या रांगेत होते, आणि खांदा कुणी व्हायचं यावरून त्यांच्यात थोडा घोळ झाला. कुलगुरू जाताना दोनशब्देजवळ थांबले, त्यांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, बघू. विद्यापीठात ‘बघू’चा अर्थ शिपायापासून सगळ्यांना ठाऊक असतो.

परतीच्या बसमध्ये तो ताठ बसला. बायको म्हणाली की आवाज बरोबर येत नव्हता मागे, आणि इतका खर्च करता तर एक चांगला ध्वनिक्षेपक का घेत नाही. तो हूं म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण हूं म्हणालो, आणि तो तिच्याकडे वळून म्हणाला की पुन्हा सांग, नीट ऐकतो. तिने पुन्हा सांगितलं. ध्वनिक्षेपकाबद्दलच होतं ते, पण त्याने ऐकलं. खुर्ची गेली होती, गोष्टही गेली होती. आणि गेल्यानंतर त्या जागी मोठं दुःख यायला हवं होतं, त्याची तो तीन थांबे वाट पाहत राहिला. आलं नाही. फक्त एवढंच मनात येत राहिलं की ते दुसरं गाणं कुठलं होतं, हे आता या जगात आपल्या दोघांपैकी कुणालाच सांगता येणार नाही. त्याने तिला विचारून पाहिलं. तिने डोळे मिटून आठवून पाहिलं, ओठ हलवले, एक ओळ गुणगुणली आणि मग म्हणाली की नाही, हे रेडिओवरचं आहे.

मुलाखती पुढच्या महिन्यात झाल्या. कुलगुरू दौऱ्यावर होते. त्या आठवड्यात केंद्राच्या तळघरात पुन्हा पाणी शिरलं होतं, त्यामुळे कुलसचिवांनी दोन्ही उमेदवारांना एकच प्रश्न विचारला: पाणी उपसायच्या पंपाचं बटण कुठे आहे. विद्वानांनी कलासंस्थांच्या पायाभूत सुविधांकडे पाहण्याच्या दृष्टीविषयी सांगितलं. दोनशब्देची नेमणूक झाली. बटण जिन्याखाली आहे.